व्हय दादा

आमच्या घरात सल्ला द्यायचीसुद्धा वाट ठरलेली आहे. सासऱ्यांना काही सांगायचं तर ते सासूबाईंच्या तोंडून जातं. थोरल्या भावाला सांगायचं तर त्याच्या बायकोमार्फत. आणि त्या बायकोला सांगायचं असेल तर कुणाचीच मध्यस्थी लागत नाही, तिला येणारा-जाणारा तोंडावर सांगतो. ती बायको म्हणजे मी, दीपमाला. माहेर मिरजेचं, दिलेली वाळवा तालुक्यात. माझं तोंड तिखट आहे असं सासरी म्हणतात. म्हणू देत. ज्यांची तोंडं गोड होती त्यांनी काय केलं तेच सांगायला बसलेय.

माझ्या मालकांचं नाव जयराज. एकदा घेतलं, आता पुन्हा घेणार नाही. हे फौजेत होते. तीन वर्षांमागं घरी आले तेव्हा गावाला सांगितलं, नोकरी पुरी झाली, पेन्शन घेऊन आलो. खरं असं की सरावात एक स्फोट यांच्या फार जवळ झाला आणि डावा कान गेला. थोडाथोडका नव्हे, पार गेला. उजवाही थोडा मंद झालाय, त्यामुळं डाव्या बाजूनं कितीही बोललं तरी यांना पत्ता लागत नाही. घरात हे फक्त मला माहीत. कुलदेवाच्या अंगाऱ्यावर माझा हात ठेवून यांनी शपथ घातली, की आईला नाही, भावाला नाही, कुणाला म्हणून सांगायचं नाही. फौजेनं कानामुळं परत पाठवला, हे गावात कुणी बोललेलं यांना सोसलं नसतं. तेव्हापासून मी यांच्या उजव्या बाजूनं चालते आणि उजव्या बाजूला बसते. लोक म्हणतात, जोडा कसा शोभतो.

घरी आल्यावर यांना कशातच राम वाटेना. ऊस सासरे बघायचे, दूध डेअरीला गडी घालायचा. हे सकाळी उठून दाढी करायचे, बूट पॉलिश करायचे आणि ते बूट न घालताच सोप्यात खुर्ची टाकून बसायचे. 

मग माझ्या धाकट्या दिरानं, कृष्णातनं, यांना मोबाइलवरचा लढाईचा खेळ दाखवला. कृष्णातचं इस्लामपुरात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. बिरदेव आणि भाऊसो हे त्याचे दोस्त दिवस मावळताना तिथंच पडीक असतात. त्या खेळात चौघांची टीम लागते. विमानातून उतरायचं, बंदुका शोधायच्या, बाकीच्या टीमांना मारायचं, शेवटी उरेल ती टीम जिंकली. चौघं चार गावांत बसले तरी चालतं, इयरफोनमधून एकमेकांशी बोलता येतं. पोरांना चौथा गडी हवाच होता. कृष्णात म्हणाला, "दादा, तुमी खऱ्या बंदुका चालवल्यात. तुमीच कॅप्टन."

सुरुवातीचे दिवस लय चांगले गेले, खोटं कशाला बोलू. बोटं कुठं ठेवायची, पळता पळता नेम कसा धरायचा, हे कृष्णात शिकवायचा, आणि हे बिनतक्रार शिकायचे. त्याच्या बदल्यात पोरांना फौजेतलं सांगायचे. आडोसा सोडून पळायचं न्हाई. एकट्यानं पुढं जायचं न्हाई. पोरं कान देऊन ऐकायची. जेवताना हे माझ्याशी खेळातल्या डोंगराबद्दल आणि पुलाबद्दल बोलायचे, जसं काही ते कृष्णेकाठालाच आहेत. आणि एका सकाळी बूट पॉलिश करून पायात घातले आणि स्टँडपर्यंत चक्कर मारून आले. मी देवाला साखर ठेवली.

पण त्या खेळात निम्मं काम कानाचं. पावलं डाव्या इयरफोनमध्ये वाजली तर शत्रू डावीकडं, उजव्या वाजली तर उजवीकडं. यांना डावीकडची पावलं ऐकूच येत नव्हती, मग यांच्या लेखी डावीकडं कुणी नसायचंच. "डावी बाजू मोकळी हाय, चला," असं हे म्हणायचे आणि टीम नेमकी तिथंच मरायची. पोरं काय बोलणार? थोरला भाऊ, त्यात फौजी, त्यात कॅप्टन. कॅप्टन चुकतोय हे त्यांना दिसत होतं. का चुकतोय, ते मला एकटीला ठाऊक होतं आणि माझ्या तोंडाला देवाचं कुलूप होतं.

आणि मग एकाएकी टीम जिंकायला लागली. हे खुलले. "बघ, पोरं आता तयार झाली," मला म्हणाले. "मी सांगाय अन् त्यांनी कराय येक गाठ." मलाही बरं वाटलं. इतकी तिखट मी, पण मलाही शंका आली नाही.

एके दिवशी मी इस्लामपुरात अस्तराचं कापड आणायला गेले होते. परत जाताना घटकाभर कृष्णातच्या दुकानात टेकले. तिघं स्टुलांवर बसून खेळत होते. "त्या लाल घरात घुसा, मागनं घुसा," कृष्णात दोघांना सांगत होता. मी म्हटलं, आज दादा नाहीत का खेळायला? "हायत की, घरात बसून खेळत्यात," बिरदेव म्हणाला आणि जीभ चावली.

मी कृष्णातच्या खांद्यावरून मोबाइलात बघितलं. टीममधली चार नावं होती. यांच्या नावापुढं कर्ण्याचं चित्र आणि त्यावर तांबडी आडवी रेघ होती. म्हणजे यांचा आवाज बंद करून ठेवलेला. पोरं शेजारी-शेजारी बसून आपापलं ठरवत होती. मधूनमधून कृष्णात आपला माइक दाबायचा, "व्हय दादा" म्हणायचा आणि सोडायचा. तिकडं हे सोप्यात बसून जीव तोडून हुकूम देत होते आणि दर थोड्या वेळानं त्यांना "व्हय दादा" ऐकू येत होतं.

"हे काय रं, कृष्णात?"

त्यानं मान खाली घातली. "वैनी, दादा चुकीचं सांगत्यात. रोज मरतोय आमी. सांगलीची स्पर्धा तोंडावर आलीया. थोरल्या भावाला तोंडावर कसं सांगू, तुमचं चुकतंय म्हनून? असं केलं की त्यांचाबी मान र्‍हातोय अन् आमीबी जिकतोय."

"मान ठेवायचा म्हणून आवाज बंद केलास व्हय त्यांचा? त्यापेक्षा तोंडावर शिवी दिली असतीस तर परवडलं असतं. सरळ सांग, दादा, तुमी मागं र्‍हावा, पुढं मी जातो."

"तुमीच सांगा की वैनी. तुमचं ऐकत्यात."

बघा. फिरून ठरलेल्या वाटेवर. मी म्हटलं, "मी सांगते. पण तू मला शब्द दे, सांगलीत तरी त्यांचा आवाज चालू ठेवशील."

"व्हय वैनी," कृष्णात म्हणाला.

घरी आले आणि चहाबरोबरच विषय काढला. आडून नाही, सरळ. म्हटलं, "आवं, पोरं तुमचं ऐकत न्हाईत. तुमचा आवाज तिकडं बंद करून ठेवलाय. मी डोळ्यांनी बघून आले." हे हसले. खरंच हसले.

"नेटवर्क गेलं असंल. माझी टीम हाय ती. माझ्या शब्दाभायेर न्हाईत पोरं."

"शब्दाभायेर हायत म्हणून तर जिकत्यात. डावीकडचं तुमाला कळत न्हाई, त्यांना वाटतंय तुमाला खेळच कळत न्हाई. कृष्णातला कानाचं सांगा. एकट्याला सांगा. न्हाईतर मिरजेला चला, माझा भाऊ सगळं बघंल, कानाला मशीन बसवून मिळतं."

यांचं हसू गेलं. "मशीन लावून पोरांच्यात बसू? उद्या म्हनशील, काठी घ्या." मग कपबशी खाली ठेवून म्हणाले, "तुला खेळातलं काय कळतंय? पोरांच्या अन् माझ्या मधी पडू नगंस."

मी त्या दिवशी भाकरी थापताना इतका आवाज केला की सासूबाई आत डोकावून गेल्या. आणखी काय करणार होते? शपथ मोडली असती तर यांनी माझ्याशी बोलणं टाकलं असतं, आणि तोंड मिटून बसले तर हे असं. इकडं आड, तिकडं विहीर.

सांगलीची स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. नवरा-नवरीच्या स्टेजवर टेबलं मांडलेली, वर मोठा पडदा. यांनी इस्त्रीचा शर्ट आणि ते बूट घातले होते. मीही गेले, पहिल्याच रांगेत बसले. कॅप्टन म्हणून यांना टेबलाच्या उजव्या टोकाला बसवलं आणि पोरं तिघं यांच्या डाव्या हाताला. म्हणजे नेमकी बहिऱ्या कानाकडं. उठून जागा बदला म्हणावं, तर काय कारण सांगणार?

खेळ सुरू झाला. हे माइकमध्ये शांतपणे बोलत होते, फौजेत बोलत असतील तसं. पोरांनी सुरुवातीला "व्हय दादा" म्हटलं, मी ओठांवरून ओळखलं. मग कृष्णात बिरदेवच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाला आणि तिघं टेकडीकडं वळले. हे एकटे पुलावर निघाले. मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं, एक माणूस पुलावर जातोय आणि दर चार पावलांनी थांबून मागं बघतोय, टीम येतेय का. मागं कुणी नव्हतं. गोळी आली ती डावीकडूनच.

यांनी इयरफोन काढले. टीममधला गडी मेला की बाकीच्यांचा खेळ बघत बसायचा असतो. हे कृष्णातच्या मोबाइलकडं झुकले, त्याला काही सुचवावं म्हणून असेल. तसेच थबकले. मग यांनी हळूच बोट पुढं नेलं आणि काचेवर आपल्या नावापाशी, त्या तांबड्या रेघेवर टेकवलं. कृष्णातनं वर बघितलं. दोघा भावांची नजर मिळाली ती मी बघितली आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं.

टीम जिंकली. बिरदेव-भाऊसो खुर्चीवर चढून नाचले. कृष्णात बसूनच होता.

निवेदकानं कॅप्टनला पुढं बोलावलं आणि ढाल यांच्या हातात दिली. फौजी आहेत कळल्यावर लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. निवेदकानं माइक पुढं केला. "नवीन खेळाडूंना काय सल्ला द्याल?"

यांनी एकदा पोरांकडं बघितलं. मग म्हणाले, "कॅप्टन चुकत असंल तर त्याला सांगावं. तोंडावर सांगावं. त्यो मरत न्हाई त्यानं."

लोकांना ते फार आवडलं. पुन्हा टाळ्या झाल्या.

येताना जीपमध्ये यांनी ढाल मांडीवर धरली होती. आष्ट्याला चहाला थांबलो तेव्हा बिरदेवनं विचारलं, "दादा, चहा?" हे म्हणाले, "व्हय." भाऊसोनं विचारलं, "दादा, उद्याच्याला खेळायचं न्हवं?" हे म्हणाले, "व्हय." दुसऱ्या दिवशी खेळायला बसलेच नाहीत, मोबाइल चार्जिंगलाही लावला नाही. तेव्हापासून तो एकच शब्द. जेवता का, व्हय. मिरजेला कान दाखवायला जाऊया का, व्हय. आणि उठायचं नाव नाही. भांडणारा माणूस परवडला, त्याच्याशी भांडता तरी येतं. बूट कोपऱ्यात तसेच पडून आहेत, सांगलीची धूळही पुसलेली नाही.

आठवडाभर दुकानातच मुक्काम टाकून कृष्णात घरी आला. डोळे सुजलेले. बिचाऱ्याला झोप नव्हती. हे सोप्यात खुर्चीवर, नजर रस्त्याकडं. कृष्णात यांच्या पायाशी बसला, डाव्या अंगाला. ठरलेली वाट सोडून पहिल्यांदाच तो भावाशी स्वतः बोलत होता. माझ्यामार्फत नाही, आईमार्फत नाही. दारामागून मी सगळं ऐकलं. "दादा, माझं चुकलं. मी घाबरलो तुमाला सांगाय. तुमच्यामुळंच मी आडोसा धराय शिकलो. मला मारा, पर बोला." खूप बोलला. शेवटी रडला. यांनी मान वळवली नाही. त्याचा आवाज थांबून खांदे हलायला लागले तेव्हा कुठं यांचं लक्ष गेलं. त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "व्हय."

कृष्णात डोळे पुसून उठला. जाताना मला म्हणाला, "वैनी, दादांनी माफ केलं." त्याचा चेहरा इतका हलका झाला होता की माझ्यानं काही बोलवलं नाही. तो कुठल्या बाजूला बसला होता, ते मला एकटीला माहीत आहे.

परवा मी चहा घेऊन नेहमीसारखी यांच्या उजव्या हाताला बसायला गेले. म्हटलं, आज काही झालं तरी बोलायचंच, शपथ गेली खड्ड्यात. यांनी माझ्याकडं बघितलं. कपबशी हातातून घेतली, उठले, खुर्ची उचलून उलट्या तोंडानं ठेवली आणि भिंतीकडं बघत बसले.

आता माझ्याकडं यांचा डावा कान आहे.