राखून ठेवलेला श्वास

"म्हणजे गळ्याला भोक पाडणार?" होझिया टिब्सने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"हो. यापुढे श्वास तिथूनच," डॉक्टर म्हणाले.

"आणि माउथ ऑर्गन?"

"त्याला तोंडची हवा लागते, मिस्टर टिब्स. गाणं, बोलणं, सगळंच जाईल. पण जगाल."

होझियाने कागदावर फुली मारली. सही त्याला कधी आलीच नव्हती. खाली साक्षीदार म्हणून व्हर्लीनने नाव लिहिलं. ती चार वर्षांची असताना हा बाप मिसिसिपीतलं गाव सोडून शिकागोला गेला. तिथल्या गुत्त्यांतून ब्लूजची दुःखी गाणी गायला, त्याच्या रेकॉर्डी निघाल्या. इकडे आईने कापूस वेचून तिला वाढवलं. आई गेल्यावर, घशात कॅन्सर घेऊन तो तिच्या दारात उभा राहिला.

"उद्या आठला ये, पोरी. आत नेण्याआधी. तुला काही सांगायचंय."

"तीस वर्षांत सवड नाही झाली वाटतं, मिस्टर टिब्स?"

"तोंड नव्हतं दाखवायला."

ती पिशवी उचलून निघाली.

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम उशीर केला. इस्त्री केलेल्या झग्याला पुन्हा इस्त्री केली. बघू दे वाट, कशी असते ते कळू दे एकदा. साडेनऊला वॉर्डात पोचली, तेव्हा खाट रिकामी होती.

शेजारच्या खाटेवरचे म्हातारे क्लीओफस उठून बसले. "कुठं होतीस गं? दोनदा स्ट्रेचर परत पाठवलं त्यानं. आम्ही म्हटलं, शेवटचं एखादं गाणं तरी म्हण. तर म्हणतो कसा, श्वास मोजकाच उरलाय, पोरीसाठी राखलाय."

शुद्धीवर आल्यावर होझियाने ओठ हलवले. ती वाकली.

"आईबद्दल?"

मान नाही म्हणाली.

"माझ्याबद्दल?"

हो. पुढचं मात्र तिला काही केल्या उमगेना. ओठ पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले, मग थकले. लिहून द्या म्हणायचीही सोय नव्हती.

अकरा महिने तो तिच्याकडे राहिला. एकदा भांडी घासताना तिला खिडकीतून दिसलं, परसात बसून तो माउथ ऑर्गन गळ्याच्या भोकाला लावून बघत होता. फस्सकन हवा गेली, खोकल्याची उबळ आली, शर्टावर कफ सांडला. पुसता पुसता त्याने कुणी पाहिलं का म्हणून वळून बघितलं. व्हर्लीन झटकन मागे सरली. नळ तसाच वाहत राहिला.

कापूस फुटायच्या दिवसांत तो गेला.

दोन वर्षांनी परदेशातून एक गोरा तरुण पत्ता शोधत आला. "मी वाजवायला शिकलो ते तुमच्या वडिलांच्या रेकॉर्डी ऐकून," तो म्हणाला. तिच्या घरी एकही रेकॉर्ड नाही हे त्याला खरंच वाटेना. त्याने गाडीतून ग्रामोफोन आणून लावला.

गाण्याआधी कुणीतरी खाकरलं. मग ड्रमवाल्याला सहज म्हणावं तसा होझियाचा आवाज आला, "हळू रे, घाई कसली? मी आहे ना इथंच."

माउथ ऑर्गन सुरू झाला.

"थांबा," व्हर्लीन म्हणाली. "परत लावा."

"पहिल्यापासून? सगळं गाणं?"

"गाणं नको. बोलतात तेवढंच."

तरुणाने सुई उचलली आणि मागे नेऊन ठेवली.