सुपातली ठुशी

दिवेलागण झाली तरी बायनाबाईच्या उंबऱ्यातलं सूप रिकामंच होतं.

असं आजवर कधी झालं नव्हतं. वालूरच्या कितीतरी बायकांचे डागिने तिच्या पत्र्याच्या पेटीत गहाण पडलेले असत. कुणाची ठुशी, कुणाची नथ, कुणाच्या तोरड्या. नवरा गेला तेव्हा तिनं आपल्या पाटल्या मोडल्या आणि त्या पैशावर हा व्यवहार मांडला. त्याच्या व्याजावरच तिची चूल पेटायची. ना कागद, ना अंगठा. सगळा तोंडचा कारभार.

मात्र एक रीत होती. महालक्ष्म्यांच्या सणाला ज्या घरचा डागिना त्या घरी जायचा. बाईनं तो देवीला घालावा, आपण मिरवावा आणि महालक्ष्म्यांची बोळवण झाली की दिवेलागणीला आणून सुपात ठेवावा. सूप अशासाठी, की बायनाबाई विधवा. सवाष्णीचा डागिना सणाच्या दिवशी तिच्या हातून दुसरीच्या हातात जायचा नाही. ती सुपात ठेवून मागं सरायची, मग आलेली बाई उचलून घ्यायची. हळदीकुंकवाला तिला कोण बोलावणार? पण आपल्या पेटीतलं सोनं घरोघर मिरवतंय, एवढ्यावर तिचा सण गोड व्हायचा.

यंदाही साऱ्या जणी घेऊन गेल्या होत्या. पेटीच्या तळाचं फडकं तेवढं मागं राहिलं होतं.

सेलूला वकिलाकडं कारकून असलेला तिचा पुतण्या, दिनकरराव, सणाला आला होता. ओसरीवर येऊन त्यानं आधी सूप पाहिलं, मग उघडी पेटी.

"काकू, समदे डागिने देऊन बसलाव का काय?"

"दिले की. दरसालच देते."

"अवो, दवंडी ऐकली न्हाई का तुमी?"

ऐकली होती. आठ दिवसांपूर्वी डफडं वाजलं होतं. सरकारनं नवा कायदा केलाय, परवान्याबिगर कुणी सावकारी करायची नाही, केली तर अदालतीत दाद लागायची नाही. बायनाबाईनं दळता दळता ऐकलं आणि वर म्हणाली होती, "बरी जिरली मेल्यांची!" सावकार म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढं सेलूच्या पेठेतले गादीवर रेललेले पोटाळे गडी यायचे. आपण काय, चार बायकांच्या अडीनडीला धावणारी बाई.

"तो कायदा तुमालाबी लागू हाय, काकू," दिनकरराव म्हणाला. "याज घेता न्हवं? मग तुमी सावकारच."

"मी? मी सावकार?"

"आता कुनी डागिना आनून दिला न्हाई तर तुमाला काई करता येत न्हाई. आन् यापुढं परवान्याबिगर कुनाचं सोनं गहान ठेवलं तर खटला तुमच्यावरच."

बायनाबाईच्या पायाखालची जमीन सरकली. तिला रडू आलं नाही, रागही आला नाही.  ती एकदम उठली आणि पदर सावरत धुरपताबाईच्या घराकडं निघाली. दुसऱ्या कुणाचा नसला तरी धुरपताचा तिला भरवसा होता. धुरपता बाळंतपणात अडली, तेव्हा सेलूहून डॉक्टरीण आणायला पैसे बायनाबाईनंच दिले होते. त्यापायीच तर ती ठुशी गहाण पडली होती.

दारात धुरपताचा नवरा माणिकराव उभा होता.

"कसली ठुशी, बायनाबाई? कागद हाय का?"

"कागद कवा केलता आपन?"

"मंग परवाना दाखवा."

"माणिकराव, तुमचं लेकरू अन् बायको…"

"ते खरं हाय हो. पर कायदा काय म्या केला? सरकारनं केला." बोलताना त्याची नजर जमिनीवरून हलली नाही. आत समईच्या उजेडात धुरपता बसली होती. ठुशी गळ्यातच होती. तिनं मान वर केली नाही.

बायनाबाई घरी कशी आली, तिचं तिलाच कळलं नाही. एका दवंडीनं गाव बदलतं का? परवा दुपारी याच बायकांनी हसत हसत तिच्याकडून डागिने नेले होते. तेव्हाच यांच्या मनात हे होतं की काय? या विचारानं तिच्या काळजाला घरं पडली. पाटल्या गेल्या त्या दिवशीही तिला इतकं उघडं वाटलं नव्हतं.

उजाडलं. ती अंगणात सडा टाकत होती, तोच धुरपता आली. पदराखालून ठुशी काढून तिनं सुपात ठेवली.

"मालक रानात गेलेत. म्या तवर आले. माझं लेकरू रोज अंगनात खेळायलंय, वैनी. त्याच्याकडं बगून मला ही घालवंना."

बायनाबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं धावत येऊन ठुशी उचलली आणि तशीच थबकली. दिनकररावाचं बोलणं आठवलं. बाकीच्या खोट्या निघाल्या ते कायद्यात बसलं, आणि ही एक खरी निघाली, तर तिचा डागिना ठेवून घ्यायची सोय नव्हती! असला कसला हा कायदा?

"न्हाई ग बाई," ती म्हणाली. "माझ्यापाशी परवाना न्हाई."

"मंग तुमचे पैशे?"

"जमंल तसे दे. न्हाई जमलं तर लेकरू हाय तुजं, ते बगून म्हनीन की आले."

तिनं ठुशी पुन्हा सुपात ठेवली आणि सवयीनं दोन पावलं मागं सरली. धुरपतानं मात्र ती उचलली नाही. ती उंबऱ्यावर पाठमोरी बसली, मानेवरचा अंबाडा हातानं वर धरला आणि म्हणाली, "तुमीच बांदा."

"अगं, मी…"

"बांदा, वैनी."

रस्त्यानं पाण्याला जाणाऱ्या दोघीतिघी थांबून बघायला लागल्या. बायनाबाई वाकली. ठुशी धुरपताच्या गळ्याभोवती आली, पण गोंड्याची गाठ कशी मारतात ते आठवायला तिच्या बोटांना जरा वेळच लागला.