आधी रांधणारीनं खायचं

भिवराबाईनं काठीनं माझ्या हातातलं पळसाचं पान उडवलं आणि उकडलेल्या कंदाच्या फोडी मातीत गेल्या. तोंडात घातलेली फोडही तिनं मला थुंकायला लावली.

"चूळ भरा मास्तर. पुन्यांदा भरा," ती म्हणाली आणि गोविंदरावांकडे वळली. "तुमाला पयल्या दिशी काय सांगितलं व्हतं? ह्या कंदाला हात लावायचा न्हाई."

गोविंदराव आमचे हेडमास्तर. हैदराबादला दहा दिवसांचं शिबिर करून आल्यापासून त्यांच्या गळ्यात शिट्टी असे. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि नव्या राज्यातल्या मास्तरांना रानावनात जगता आलं पाहिजे, असं त्यांच्या डोक्यानं घेतलं. म्हणून छप्पन सालच्या दिवाळीच्या सुट्टीत परभणीचे आम्ही बारा शिक्षक रेल्वेनं गंगाखेडला आणि तिथून बैलगाडीनं दक्षिणेच्या डोंगरात आलो. घरी फराळाचे डबे सोडून कंदमुळं खायला निघालेला मी मार्तंड मास्तर, चित्रकलेचा. वयानं सगळ्यांत मोठा आणि अकलेनं, हे आता सांगायला हरकत नाही, सगळ्यांत धाकटा.

शिकवायला पायथ्याच्या वाडीतली भिवराबाई होती. ती मेंढरं राखायची. तिनं आम्हाला ओढ्याच्या वाळूत झिरा खणून गाळीव पाणी काढायला शिकवलं. चकमकीची ठिणगी कापसावर धरायला शिकवलं. माझ्या ठिणग्या माझ्याच धोतरावर पडल्या, तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. कंदाचं नाव काढलं की मात्र ती मेंढरांकडे बघायची. पण गोविंदरावांच्या वेळापत्रकात 'कंदमुळे : एक तास' असं लिहिलेलं होतं. आज ती मेंढरं पाण्यावर घेऊन गेल्यावर त्यांनी वेल शोधला, कंद खणला, शिबिरात मिळालेल्या पुस्तिकेत बघून उकडला. मोठ्या मनानं पहिलं पान वडीलधारा म्हणून मला दिलं. दुसरं आपल्या लेकीला, अनसूयेला. ती कन्याशाळेत शिकवायला नुकतीच लागली होती. तिचं पान अजून तिच्या हातातच होतं.

"पुस्तकात उकडूनच खायला सांगितलंय बाई," गोविंदराव म्हणाले.

"किती डाव उकडला?"

"एकदा."

भिवराबाईनं अनसूयेच्या हातातलं पान काढून घेतलं आणि ती खाली बसली.

"मी बी एकदाच उकडला व्हता," ती म्हणाली. "रझाकारीच्या साली आमी ह्याच दऱ्यात नऊ दिस काढले. तवा ह्याला कुनी सहल म्हनत न्हवतं. हा कडूकंद हाय. चकत्या करून राखंच्या पान्यात तीनदा उकडायचा, मंग रातभर वाहत्या पान्यात ठिवायचा. पन धूर दिसला की मानसं वर येतील, अशी धास्ती व्हती. एकदा उकडला आन जाळ इझिवला."

तिनं हातातलं पान मातीत उलटं केलं.

"आन रांधनारीनं आधी खायचं आस्तं. घासभर खायचं, काठी रोवायची, सावली दगडापतूर सरकस्तोवर दम धरायचा. मंग दुसऱ्याला. मला ठावं व्हतं की सगळं. पन लेकरू दोन दिसांचं उपाशी व्हतं वो. मी तिला आधी दिलं."

"नाव काय होतं?" अनसूयेनं विचारलं.

"कस्तुरा. सा वर्साची व्हती."

मला माझ्या धोतराची, ठिणग्यांची, या सगळ्या खेळाची लाज वाटली. गोविंदराव लेकीच्या रिकाम्या हाताकडे बघत होते. त्यांनी वेळापत्रकाची घडी करून खिशात घातली.

"चुकलं माझं, भिवराबाई," ते म्हणाले. अकरा वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

ती उठून मेंढरांकडे चालू लागली. आता काही ती परत येत नाही, असं मला वाटलं. पण दहा पावलांवरून ती वळली.

"आर्धं शिकून जाऊ नका. घरी जाऊन कुनीतरी करंल आन लेकराला घालंल. आना तो उरलेला कंद हिकडं."

तिनं पातळ चकत्या केल्या. तीन वेळा राख बदलली, तीन वेळा पाणी ओतून दिलं. आठ वर्षांत तिनं तो कंद शिजवला नव्हता, पण हात कुठंच अडला नाही. संध्याकाळी चकत्यांची पाटी ओढ्याच्या धारेत दगडाखाली दाबून ठेवली. माझी जीभ तोवर खाजतच होती.

सकाळी तिनं चकत्या मीठ घालून गरम केल्या. एक फोड स्वतः खाल्ली, काठी रोवली आणि सावली जिथं येणार तिथं दगड ठेवला. आम्ही बारा जण गोल करून बसलो. तिच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का, हे चोरून बघत होतो आणि तिला ते कळत होतं.

सावली दगडाला लागली. तिनं एकेकाला पान दिलं, मला, गोविंदरावांना, बाकीच्यांना. शेवटचं अनसूयेचं. अनसूयेनं हात पुढं केला, पण भिवराबाईनं पान सोडलं नाही. दोघींच्या हातात ते तसंच राहिलं.

"वाईच थांब माय," ती म्हणाली.

तिनं दुसऱ्या हातानं दगड उचलला आणि वीतभर पुढं ठेवला.

गाडीवाला तिकडं परतीसाठी बैल जुंपून खोळंबला होता. गोविंदरावांनी घड्याळ काढलं, न बघताच खिशात ठेवलं आणि आपलं पान खाली ठेवलं. मग आम्हीही ठेवली. कंद गार होत होता. आम्ही सगळे सावलीकडे बघत बसलो.