बादलीतली तसबीर

मी एक जुनी जस्ती बादली आहे, मित्रांनो, आणि मला माणसांची अगदी शिसारी आली आहे. बादलीला कसली आली किळस, असं म्हणू नका. माझ्यात काय काय पडलं ते सांगायला बसले, तर तुमचं आजचं जेवण राहील.

माझा जन्म बंगळुरूतल्या यशवंतपूरच्या एका लहानशा कारखान्यात झाला. पत्रा वाकवला, बूड ठोकलं, कडी अडकवली, झाले मी तयार! मग चामराजपेटेत महानंदाच्या घरी मी कित्येक वर्षं अंघोळीचं पाणी भरलं. काय थाट होता तेव्हा! रोज घासूनपुसून उन्हात पालथी पडायचे. महानंदा मूळची निपाणीकडची, मराठी आणि कन्नड दोन्ही फाडफाड बोलणारी. बंगळुरूच्या मराठी मंडळींना सहलीला नेणाऱ्या बसवर तिला गाइडचं काम मिळालं आणि तिनं मलाही सोबत नेलं.

तिथून माझे भोग सुरू झाले. कुणाला गाडी लागली, आणा बादली. केळ्याची सालं, चघळलेले उसाचे चोथे, लहान मुलांचे लंगोट, सगळं माझ्या पोटात. पानाची पिंक तर विचारूच नका, शी! पण ते माझं कामच होतं. महानंदा दर वेळी मला धुऊन आत कोरा कागद अंथरायची. संताप यायचा तो खिडकीतून कचरा फेकणाऱ्यांचा. एकदा तिनं बस थांबवून एका साहेबांना त्यांचंच वेफर्सचं पाकीट उचलायला लावलं. साहेबांनी तक्रार केली. मालक म्हणाले, "आणखी एक तक्रार आली की तुझं काम बंद." घरी आजारी आई, आणि कमावणारी ही एकटी. तेव्हापासून ती स्वल्प जपूनच बोलायची.

दहाएक दिवसांपूर्वी आम्ही महाबलीपुरमला निघालो. पहाटे चारला बंगळुरू सोडलं. पुढच्या बाकावर निवृत्त इंजिनिअर पद्माकरराव, त्यांच्या पत्नी हेमलताबाई आणि आठ वर्षांची नात भूमिका. कृष्णगिरीच्या आसपास भूमिकाला गाडी लागली. मी होतेच. पोर बिचारी मला "थँक्यू" म्हणाली, खोटं नाही सांगत!

हेमलताबाईंच्या पायाशी दोन फुगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. सहा महिन्यांचं निर्माल्य! कुजलेली फुलं, बुरशी आलेला कापूस आणि वर काच तडकलेली गणपतीची तसबीर. बंगळुरूत नदी नाही, म्हणून बाईंनी ते समुद्रासाठी साठवलं होतं. वास असा, की मला माझ्या पोटातलं बरं वाटावं.

महानंदा हात जोडून म्हणाली, "अक्का, समुद्रात नको. काच आहे, लोक अनवाणी फिरतात. बादलीत ठेवा, मी कोरा कागद घालते. घरी नेऊन फुलं झाडाला घाला."

"उलटीच्या बादलीत देव?" हेमलताबाई कडाडल्या. "काही लाजबीज आहे की नाही?"

"सरी अक्का, बरं," म्हणून महानंदानं मला बाकाखाली सरकवलं.

अकराला पोचलो. पाच रथ पाहिले. "हे बांधलेले नाहीत हो, दगडातून कोरून काढलेत," महानंदा जीव तोडून सांगत होती आणि मंडळी तिच्याकडे पाठ करून फोटो काढत होती. मग समुद्राकाठचं देऊळ. ती माहिती सांगण्यात गुंतलेली पाहून पद्माकररावांनी हळूच पिशव्या उचलल्या, पाण्यापाशी गेले, इकडेतिकडे पाहिलं, दिल्या भिरकावून आणि हात जोडले. महानंदाच्या हातात लोंबकळत मी सगळं पाहिलं. मला तोंड असतं तर!

समुद्रानं ते ठेवून घेतलं नाही. थोड्या वेळानं सगळे लाटांत खेळायला उतरले, आणि भूमिका किंचाळली. टाचेत काच घुसली होती. महानंदानं तिला उचललं, माझ्यावर पाय धरून प्यायच्या पाण्यानं धुतला, तडक दवाखान्यात नेलं. चार टाके पडले.

परत येऊन ती लाटांनी काठावर टाकलेली तसबीर आणि वाळूतल्या काचा एक एक करून माझ्यात वेचत होती. तेवढ्यात बसच्या दारात उभे राहून पद्माकरराव सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मालकांशी फोनवर बोलले, "तुमच्या गाइडचं लक्षच नव्हतं! किनाऱ्यावर काचा पडल्यात आणि ही पोरांना तिथंच सोडते!"

मित्रांनो, मी आयुष्यभर घाण पोटात घेतली. पण एवढं घाण वाक्य माझ्यात कधी पडलं नव्हतं.

मालकांनी लगेच महानंदाला फोन करून काम बंद झाल्याचं सांगितलं. तिनं डोळे पुसले आणि मला उचलून बसमध्ये ठेवलं. भूमिकानं माझ्यात डोकावून पाहिलं. "आजी, हा आपला बाप्पा! हा बघ मी चिकटवलेला गुलाबी तारा!" हेमलताबाईंनी पदर तोंडाला लावला. पद्माकरराव खिडकीबाहेर पाहू लागले. रात्री बंगळुरू आलं. उतरताना महानंदानं मला त्यांच्या हातात दिलं. "सर, हे तुमचं. बादली रिकामी झाली की कळवा."

आठ दिवस मी त्यांच्या बाल्कनीत, काचा आणि बाप्पासकट. हात लावायची कुणाची छाती होईना. भूमिका पट्टी बांधलेला पाय पसरून माझ्याशेजारी बसायची आणि रोज विचारायची, "आजोबा, फोन केलात?"

काल त्यांनी मालकांना केला. बाल्कनीचं दार लावून, कुजबुजत. "तसं... त्या बाईंची चूक नव्हती. काच आमची होती."

भूमिका म्हणाली, "मोठ्यानं बोला, आजोबा. बसमध्ये मोठ्यानं बोलला होतात."

आजोबांचे कान लाल झाले. मग ते खरंच मोठ्यानं बोलले. शेजारच्या बाल्कनीतल्या बाईंनीही वळून पाहिलं.

मालकांनी महानंदाला परत कामावर बोलावलंय, आणि उद्या ती मला न्यायला येणार आहे. रविवारी बस पुन्हा त्याच किनाऱ्यावर जाईल. मित्रांनो, तुम्ही त्या बसमध्ये असाल तर तुमचा कचरा खुशाल माझ्यात टाका, मी कुरकुर करणार नाही. फक्त तुमचं पाप दुसऱ्याच्या माथी मारू नका. ते धुवायला माझ्याकडे पाणी नाही.