काळं पडलेलं क्विनीन

मी आयोडीनची बाटली बोलतेय. पुण्याच्या एका कॉलेजात, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझा जन्म गेला असता. मला एकच काम येतं. पिठावर माझा तांबूस थेंब पडला की पीठ निळं-काळं होतं. समोर कोण बसलंय हे मी बघत नाही.

सरांनी एकदा उन्हातलं पान स्पिरिटमध्ये उकळून फिकं केलं आणि त्यावर मला ओतलं. पान काळं पडलं. "झाड उन्हात साखर बनवतं आणि स्टार्च करून साठवतं. तुमच्या भाकरीतही तेच असतं," सर म्हणाले. पहिल्या वर्षाच्या मनकर्णेला हे इतकं आवडलं की दिवाळीच्या सुट्टीत ती मला मागून घेऊन तिसगावला आली.

साल १९४३. लढाईमुळे क्विनीन दुर्मिळ झालं होतं. घरी तिची आठ वर्षांची बहीण छबू हिवतापानं फणफणत होती. आजोबा, म्हणजे आबा, बाजारातल्या सूर्यभान वैद्याकडून क्विनीनच्या पुड्या आणत. चार दिवस झाले, ताप हटेना.

मनकर्णा नेमकी त्या दिवशी 'बाहेरची' झाली होती. पडवीत गोणपाटावर, सगळ्यांपासून लांब. तिनं हात लांब करून एक पुडी ओढली आणि तिच्यावर माझा थेंब टाकला.

पूड काळीभोर झाली.

"आबा, हे क्विनीन नाही! नुसतं पीठ आहे!"

"कडू लागतंय की."

"कडू लागावं म्हणून काडेकिराईत घातलाय त्यात. गाडी जुंपा. पाथर्डीच्या दवाखान्यात थोडं खरं क्विनीन शिल्लक आहे. आज नेली तर वाचेल ती."

आबांनी पुडीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. "तू शिवलीस त्याला?"

"हो, पण..."

"मग काळं पडंल न्हाईतर काय! बाहेरची बाई औषधाला शिवती व्हय? वाटोळं केलंस औषधाचं!"

मनकर्णेनं आपल्या ताटातली भाकरी पुढे धरली, तिच्यावर थेंब टाकला. भाकरीही काळी पडली. "बघा! दोन्ही पीठच!"

"आता भाकर बी बाटवली," आबा म्हणाले. "झुंबरे, तुझ्या लेकीचं कालिज बघ." आणि त्यांनी मला लाथेनं अंगणात उडवलं.

मनकर्णेची आई झुंबरबाई दारात उभी होती. आबा नव्या पुड्या आणायला गेले. सूर्यभानकडेच.

गाडी जुंपली गेली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी छबू गेली. मनकर्णेला तिच्या तोंडात पाणीही घालू दिलं नाही. विटाळ संपायचा होता ना. पडवीतून तिनं बहिणीला उचलून नेताना पाहिलं. मी अंगणातल्या धुळीत पडून हे सगळं पाहिलं. माझं बूच घट्ट होतं. आत थोडे थेंब उरले होते.

पाचव्या दिवशी मनकर्णा न्हाली. ओले केस पुसत होती, तेव्हा झुंबरबाईनं मला उचलून आणलं. दुसऱ्या हातात उरलेली पुडी होती, कुणी न उघडलेली.

"आता तू न्हालीस," ती म्हणाली. "आता टाक."

मनकर्णेनं आईकडे पाहिलं. आईचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असावी. पूड पांढरी राहावी, एवढंच तिला हवं होतं. पांढरी राहिली तर दोष लेकीचा. काळी पडली तर आठ वर्षांच्या पोरीला तिनंच स्वतःच्या हातानं, दिवसातून तीनदा, कडू पीठ चारलं होतं.

मला थोडं खोटं बोलता आलं असतं, तर त्या दिवशी बोलले असते.

पूड काळी पडली.

झुंबरबाईनं पुडी चुरगाळून चुलीत टाकली.

"नीट न्हालीच न्हाईस तू, मने," ती म्हणाली, आणि पुन्हा पाण्याचा हंडा चुलीवर चढवला.

मी आता पार रिकामी आहे. माझ्यात दाखवण्यासारखं काही उरलेलं नाही आणि दाखवून इथं उपयोगही नाही. मने, मला इथंच टाक. पुण्याची मोटार अजून गेलेली नाही. ते पाणी तापायच्या आत नीघ.