आहे की नाही, एवढंच

“त्याला म्हण, आहे की नाही एवढंच सांगा. बाकी काही नको.”

पंढरीनाथांचा आवाज इतका चढला की पोलीस ठाण्याच्या बाकावर लायसन्ससाठी थांबलेली एक बाई मागे वळून पाहू लागली. कादंबरीने सासऱ्यांच्या कोटाची बाही धरली आणि काउंटरपलीकडच्या तरुण पोलिसापुढे पुन्हा एकदा कमरेत वाकली.

“माझा नवरा. देशिंगकर सुशील. काल सकाळपासून घरी आला नाही. इथे आहे का?”

तिचं जपानी फुनाबोरी या त्यांच्या वस्तीतल्या एका कोन्बिनीत, चोवीस तास चालणाऱ्या दुकानात, गल्ल्यावर शिकलेलं. सुशील ऑफिसला गेला की ती तिथे बाइतो, म्हणजे तासांवरचं काम, करायची. डबा गरम करून देऊ का, पिशवी हवी का, थांबावं लागलं त्याबद्दल माफ करा, हे ती झोपेतही बोलली असती. ‘अटक’ हा शब्द मात्र तिने येताना ट्रेनमध्ये फोनवर शोधून पाठ केला होता. तो तिने अजून वापरला नव्हता.

पोलीस नम्रपणे म्हणाला, “माफ करा. ही व्यक्तिगत माहिती आहे. उत्तर देता येत नाही.”

“मी बायको आहे.”

“हो. माफ करा.”

“म्हणजे इथे नाहीत?”

“तेही सांगता येत नाही.”

तिने सासऱ्यांना मराठीत सांगितलं. पंढरीनाथांना वाटलं, हिला नीट समजलं नसेल. सांगलीच्या कोर्टात नक्कल विभागात त्यांची उभी हयात गेली होती. खून असो, घटस्फोट असो, शेताच्या बांधाचा तंटा असो. अर्ज केला, फी भरली, की कागद बाहेर यायचा. ते दोन महिन्यांसाठी मुलाकडे आले होते आणि त्यातले तीन आठवडे झाले होते.

“अगं, बाहेर बोर्डावर यादी लावत असतील,” ते म्हणाले. “आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी लावतात. कुणाला पकडलं, कुणी पकडलं, सगळं. बघून येऊ का मी?”

“बाबा, इथे तसं नसतं.”

“असं कसं नसतं? माणूस धरला तर घरच्यांना कळवायला नको?”

आदल्या दिवशी सुशील नेहमीसारखा सायकलवरून स्टेशनकडे गेला होता. दहाच्या सुमारास त्याच्या ऑफिसातून फोन आला, सुशील-सान आज येणार नाहीत का? कादंबरीने का कोण जाणे, ताप आहे म्हणून सांगून टाकलं. त्याचा फोन बंद होता. तिने हॉस्पिटलांमध्ये चौकशी केली, रडून घेतलं, पुण्याला आईला फोन लावला आणि उचलायच्या आत कापला. आज सकाळी दोघं स्टेशनजवळच्या सायकल-तळावर गेली. सुशीलची सायकल तिथेच होती. तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराने सांगितलं, काल कोट घातलेले दोघं जण त्या इंडियन गृहस्थाची वाट पाहत उभे होते, त्यांच्याबरोबर तो गाडीत बसून गेला. जबरदस्ती नव्हती. उलट यानेच त्यांना वाकून नमस्कार केला.

ते पोलीसच असणार, असं धरून कादंबरी तडक या ठाण्यावर आली होती; तो वाकला, हे मात्र तिच्या डोक्यातून जात नव्हतं. म्हणजे ते कशासाठी आलेत ते त्याला माहीत होतं.

“जाऊ या बाबा,” ती म्हणाली.

पंढरीनाथ हलले नाहीत. त्यांनी दोन्ही हात काउंटरवर ठेवले, पोलिसाकडे पाहिलं आणि मराठीतच म्हणाले, “साहेब, माझा एकुलता एक मुलगा आहे हो.”

पोलिसाने कादंबरीकडे पाहिलं. तिने भाषांतर केलं नाही. मग तो टेबलावरचे कागद उगाच सारखे करत म्हणाला, “कोणाला कपडे द्यायचे असतील, तर ती खिडकी तिसऱ्या मजल्यावर आहे. पाचच्या आत यावं लागतं.” आणि मग तिच्याकडे न पाहता, “वकील संघाचा फोन नंबर भिंतीवरच्या पत्रकात आहे. वकील लगेच भेटू शकतात. घरच्यांना थांबावं लागतं.”

कादंबरी सासऱ्यांना घेऊन बाहेर आली. पायऱ्यांवर तिने कठड्याला धरलं.

“आहेत बाबा. इथेच आहेत.”

“असं म्हणाला तो?”

“तसं म्हणाला नाही. पण कपडे कुठे द्यायचे ते सांगितलं, म्हणजे आहेत.”

पंढरीनाथांनी मान वर करून तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या पाहिल्या. सगळ्यांना दुधी काच होती.

वकील म्हणून नाकाहारा नावाची एक बारीक चणीची बाई आली. दुपारीच ती आत जाऊन सुशीलला भेटली आणि संध्याकाळी स्टेशनसमोरच्या कॉफीच्या दुकानात तिने इंग्रजीतून सगळं सांगितलं. आठवड्यापूर्वी पुलाच्या कोपऱ्यावर सुशीलच्या सायकलचा एका म्हातारीला धक्का लागला होता. त्याने तिला उठवून बसवलं, माफी मागितली. काही नाही, जा तुम्ही, असं ती म्हणाली. ट्रेन चुकत होती, म्हणून तो गेला. पोलिसांना कळवलं नाही. त्या म्हातारीच्या मांडीचं हाड मोडलं होतं. इथल्या कायद्याने हे अपघात करून पळून जाणं होतं. सायकलवरच्या नोंदणीच्या स्टिकरवरून त्याला शोधून काढलं होतं.

“मला तक्रारीची नक्कल हवी,” पंढरीनाथ म्हणाले. “काय कलमं लावलीत ते वाचू दे. अर्ज लिहून देतो मी.”

नाकाहारा-सान यांनी मान हलवली. “अशी नक्कल मिळत नाही. या टप्प्यावर मलाही नाही.”

“मग आपल्याला कळणार कसं?”

“मी भेटेन आणि तुम्हाला सांगेन.” ती थोडी अडखळली. “आणखी एक. घरी कळवायचं का, असं पोलिसांनी सुशील-सानना विचारलं होतं. भारतीय वकिलातीला कळवायचं का, हेही. दोन्हीला त्यांनी नको म्हटलं. वडील इथे आले आहेत, त्यांना कळू नये, असं म्हणाले.”

पंढरीनाथांना इंग्रजी कळत होतं. त्यांनी समोरची कॉफी उचलली, ओठांपर्यंत नेली आणि न पिता खाली ठेवली.

परतताना प्लॅटफॉर्मवर कादंबरीचा फोन वाजला. ऑफिस. ती बाजूला जाऊन बोलली, आवाज हसरा ठेवून. ताप अजून उतरला नाही, हो, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय. परत येऊन तिने फोन पर्समध्ये खोल टाकला.

“कंपनीला कळलं तर काँट्रॅक्ट जाईल बाबा. मग व्हिसा.” आणि थोड्या वेळाने, “बरंच आहे ना, बाहेर यादी लावत नाहीत ते.”

पंढरीनाथांनी तिच्याकडे पाहिलं. ही पोर काल सकाळपासून नीट जेवलेली नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

“घरी जाऊन मी पिठलं टाकतो,” ते म्हणाले.

भेट मिळाली ती त्यानंतर काही दिवसांनी, न्यायाधीशाने कोठडी वाढवल्यावर. वकीलबाईंनी आधीच बजावलं होतं, आत जे बोलाल ते बाजूला बसलेल्या पोलिसाला समजलं पाहिजे. मराठीचा दुभाषा मिळत नव्हता. इंग्रजी जाणणारा अंमलदार रजेवर होता. म्हणजे जपानीच.

काचेपलीकडे सुशील आला. दाढी वाढलेली, अंगात दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा करडा स्वेटशर्ट. वडिलांना पाहून तो दारातच थबकला. पोलिसाने खुर्ची दाखवली तेव्हा बसला.

“बाबा—” तो म्हणाला.

“जपानीत बोला,” पोलीस हळूच म्हणाला.

मग नवराबायको जपानीत बोलली. पंधरा मिनिटं मिळाली होती. सुशीलचं जपानी ऑफिसच्या मीटिंगमधलं, तिचं दुकानातलं. घरी एकमेकांवर खेकसणारी, एका ताटात खाणारी ती दोघं परक्यासारखी अदबीने बोलत होती. आपली प्रकृती कशी आहे? आभारी आहे, ठीक आहे. जेवण पुरतं का? हो, पुरतं. काही हवं आहे का? मोजे, कृपया. मग कादंबरीला पुढचं काही सुचेना आणि तिच्या तोंडून सवयीने निघालं, “थांबावं लागलं त्याबद्दल माफ करा.” सुशीलने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

पंढरीनाथ एक शब्दही न कळता बसले होते. कधी याच्याकडे, कधी तिच्याकडे पाहत होते. काय बोलली ते त्यांनी नंतरही विचारलं नाही. वेळ संपली, सुशील उठला आणि वडिलांपुढे वाकला, इथली माणसं वाकतात तसा, खाली नजर लावून. तेव्हा पंढरीनाथांनी काचेवर बोटाने दोनदा टकटक केलं. त्याने वर पाहिलं. त्यांनी फक्त मान हलवली. वर बघ, अशी.

म्हातारीच्या मुलीने वकिलामार्फत पाठवलेली माफी स्वीकारली. आईलाही तो मुलगा वाईट वाटला नव्हता, असं ती म्हणाली. सरकारी वकिलाने सुशीलला सोडायचं ठरवलं. दंड होईल, तो नंतर कळणार होता. पंढरीनाथांनी नाकाहारा-सानना विचारलं, सुटल्याचा काही दाखला? घरच्यांना असा दाखला देत नाहीत, ती म्हणाली. मग अटकेची नोंद पुसतील? नाही, ती पोलिसांकडे राहील. कोण पाहू शकतं ती? तुम्ही नाही, कंपनी नाही, शेजारी नाही. पंढरीनाथांनी उघडलेलं पेन परत खिशाला लावलं.

सुशील बाजूच्या छोट्या दारातून बाहेर आला, तेव्हा दुपारचं लख्ख ऊन होतं. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात फोन, पाकीट, घड्याळ, पट्टा. पँट सैल झाल्यामुळे ती त्याने एका हाताने धरली होती. आता मराठीत बोलायला कुणाची मनाई नव्हती. कादंबरीने पिशवीतला पट्टा काढून त्याच्या हातात दिला.

तो पट्टा पँटच्या एकेका लूपमधून ओवू लागला. बोटं नीट चालत नव्हती. रस्त्यावरून शाळेची मुलं जात होती, एक बाई कुत्र्याला घेऊन चालली होती. कुणी इकडे पाहत नव्हतं.

पंढरीनाथ पुढे झाले. मुलगा आणि रस्ता यांच्या मधोमध, कोट थोडा फाकवून, रस्त्याकडे तोंड करून ते उभे राहिले. पट्टा लागेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.