खांब वर आहे तोवर

बुवाने कळ दाबली, आणि गाडीच्या टपावरचा मास्ट दीर्घ सुस्कारा सोडत खाली येऊ लागला. आतली हवा सुटली की त्या उंच खांबाच्या नळ्या एकीत एक शिरत जात, आणि टोकावरचा कॅमेरा, एरिअल आणि पिवळा दिवा डुगडुगत खाली उतरत. वाऱ्याचा काटा लाल पट्ट्यात गेला होता. काटा लाल पट्ट्यात गेला की मास्ट खाली आणि बोटी काठाला. हा नियम होता, आणि त्याच्याशी वाद घालायची ही वेळ नव्हती.

"बोट एक, बोट दोन, कंट्रोल बोलतंय. वारा वाढलाय. ताबडतोब काठाला या," आत वायरलेसवर बसलेली मुलगी सांगत होती. मग माइक बाजूला करून ती ओरडली, "बुवा, मास्टला हात जोडून झाले असतील तर मंडपाकडे बघा! उडून चाललाय."

"अगं, देवाचं नाव घेतल्याने हात रिकामे राहत नाहीत," बुवा म्हणाला आणि खाली उडी मारून मंडपाचं कापड धरायला धावला.

कागदोपत्री या गाडीचं नाव फिरता नियंत्रण कक्ष असं भारदस्त होतं. बचाव दलातली माणसं तिला नुसती 'कंट्रोल' म्हणत. बाहेरून बघावं तर लांबलचक लाल बस, आणि आत शिरावं तर एका भिंतीला वायरलेसचे संच, दुसरीला पडदे, मधल्या टेबलावर काचेखाली जलाशयाचा नकाशा. नकाशावर आखलेल्या चौकोनांपैकी जे धुंडाळून झाले त्यांच्यावर शोधाच्या प्रमुख असलेल्या मॅडम लाल पेन्सिलीने फुली मारत. बुवा या गाडीचा चालक. मास्ट, जनरेटर, मंडप, चहाची किटली, हे सगळं त्याच्याकडेच. साधं 'हो' म्हणायलाही त्याला दृष्टांत लागायचा, म्हणून दलात त्याला बुवा म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं.

जलाशयात प्रवासी लाँच उलटली त्या दिवसापासून गाडी इथे उभी होती. उतारू सगळे वाचले. लाँचवरचा दोर फेकणारा तरुण मुलगा तेवढा सापडला नव्हता. तेव्हापासून त्याचा बाप रोज उजाडताच येऊन काठावरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचा. बाप शिंपी होता. गळ्यातली मापाची टेप काढायचीही शुद्ध राहिली नव्हती त्याला. पहिल्या दिवशी वायरलेस खरखरला की तो ताडकन उठायचा आणि गाडीच्या पायरीशी येऊन विचारायचा, "माझ्या पोराचं काही?" बोटीचं पेट्रोल संपल्याचा निरोप असो की पाणबुड्याने हातमोजे मागितलेले असोत, शिंपी पायरीशी हजर. संध्याकाळपर्यंत त्याच्या अशा खेपांना गणती राहिली नव्हती.

तेव्हा बुवाने त्याला हाताला धरून बसवलं होतं.

"मास्तर, या आवाजांकडे लक्ष देऊ नका. ते आमचं रोजचं रडगाणं. तो वरचा दिवा दिसतो का? तो खांब वर आहे तोवर आम्ही शोधतोय, एवढं धरून चाला. शोध थांबेल त्या दिवशी तो खाली येईल. त्याच्या आधी नाही. माझा शब्द."

शिंप्याने मान वर करून दिवा पाहिला होता, आणि त्याच्या खांद्यांतला ताण जरा उतरला होता. मग त्याने चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली. दुसऱ्या दिवशी मंडपाचं फाटलेलं टोक पाहून सुईदोरा मागून घेतला आणि ते शिवून दिलं. मॅडमनीसुद्धा बुवाला म्हटलं होतं, "बरं जमतं हो तुम्हाला." बुवाला मनातून बरं वाटलं होतं. माणसाला टेकायला काहीतरी लागतं, आपण ते दिलं, यात देवाचीच सेवा झाली, असं त्याला वाटलं होतं.

आता बुवाने आणि वायरलेसवरच्या मुलीने मिळून मंडप गुंडाळला, खुंट्या उपटल्या, तोवर बोटीही काठाला लागल्या होत्या. पाणबुडे ओल्या पोशाखातच झाडाच्या आडोशाला बसले. बुवा कपाळावरचा घाम पुसत वळला, आणि पायरीशी शिंपी उभा दिसला.

त्याने अंगावरची शाल नीट घडी करून हातावर घेतली होती. दुसऱ्या हातात चहाचा मग होता, पाण्याने विसळून आणलेला.

"हा तुमचा," त्याने मग पुढे केला. "रोज घेत होतो, परत द्यायचा राहायचा."

"अहो मास्तर, राहू द्या की..."

"बुवा, तुमचे उपकार आहेत. तुमच्या पोरांना सांगा. एवढ्या गार पाण्यात उतरायचं म्हणजे..." त्याने एकदा टपाकडे पाहिलं. तिथे आता नुसतं आभाळ होतं. "शब्द पाळलात. नाहीतर लोक सांगत नाहीत. टोलवत राहतात."

बुवाच्या आत्ता कुठे ध्यानात आलं. त्याच्या जिभेवर शब्द आलेसुद्धा: मास्तर, हे वाऱ्यामुळे आहे, वारा पडला की पुन्हा निघणार आहोत. पण त्याने शिंप्याच्या तोंडाकडे पाहिलं. इतके दिवस ते तोंड मुठीसारखं आवळलेलं होतं. आता ती मूठ सुटली होती. डोळे पाण्याने भरले होते, पण ते डोळे कुठेतरी टेकले होते.

"बायको घरी अन्नाला शिवत नाही," शिंपी म्हणाला. "मी जेवत नाही म्हणून ती नाही, ती जेवत नाही म्हणून मी नाही. आज दोघं बसतो. सांगतो तिला, झालं म्हणून."

आणि सकाळीच मॅडमनी दार लावून म्हटलं होतं, उद्यापर्यंत बघू, त्यापुढे माणसं अडकवून ठेवता येणार नाहीत. म्हणजे आज काय आणि उद्या काय. एका दिवसाचं तर अंतर. आयुष्यभर शब्दांचा व्यापार केलेला माणूस, पण जिभेवर आलेले शब्द त्याने तसेच ठेवून दिले.

"सावकाश जा, मास्तर," एवढंच तो म्हणाला.

शिंपी चढाच्या वाटेला लागला. त्याचं घर वरच होतं. खिडकीतून अर्धा जलाशय दिसायचा.

"काय म्हणत होते ते?" मुलीने कानावरचा हेडफोन सरकवून विचारलं.

"घरी चाललेत. जेवायला."

"चला, बरं झालं बाई. इतके दिवस नुसत्या बिस्किटांवर होते." ती बुवाकडे बघतच राहिली. "तुम्हाला काय झालं? असे गप्प कधी असता?"

बुवा किटली घासायला बसला. ती आधीच स्वच्छ होती.

दुपार कलली तसा वारा पडला. काटा लाल पट्ट्यातून पिवळ्यात आला, मग हिरव्यात. मॅडम नकाशावरून उठल्या.

"दोन चौकोन राहिलेत, धरणाच्या भिंतीकडचे. अंधाराच्या आत उरकू. बोटी सोडा. बुवा, मास्ट वर."

बुवा कळीपाशी जाऊन उभा राहिला. हात कळीवर गेला आणि तिथेच राहिला.

"बुवा?"

"मॅडम, मास्ट न चढवता भागणार नाही का?"

"का? बिघडलाय?"

"बिघडला नाही. बिघडवलंय ते मी." आणि मग त्याने सगळं सांगितलं, एकही दृष्टांत न देता, मान खाली घालून. खांब वर आहे तोवर असं आपण म्हटलं होतं. तो खाली आलेला बघून मास्तर घरी गेले. आपण त्यांना अडवलं नाही. आता खिडकीतून दिवा दिसला तर त्या माणसाने टेकवलेलं ओझं पुन्हा उचलायचं.

वायरलेसवरच्या मुलीने हेडफोन पुन्हा कानावर चढवला.

मॅडमनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "बुवा, माझी माणसं भिंतीच्या आडोशाला जाणार. मास्ट नसेल तर मला त्यांचा आवाज मिळणार नाही. उद्या त्यांच्यातल्या एखाद्याची आई इथे खुर्ची टाकून बसायला नको. वर घ्या."

बुवाने कळ दाबली. नळ्या एकीतून एक निघत वर गेल्या. दिवा लागला.

"आणि आता जा," मॅडम म्हणाल्या. "त्यांनी तो खिडकीतून बघायच्या आधी त्यांना तुमच्याकडून कळू दे. इथलं ही बघेल."

चढ फार नव्हता, पण बुवाला दम लागला. वाटेत तो मनाशी वाक्यं जुळवत होता. मास्तर, माफ करा. मास्तर, मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मास्तर, देवाच्या मनात काय असतं ते... इथे तो थांबला. देवाला यात ओढायला नको, चूक आपली आहे.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. त्याने कडीला हात लावायच्या आत ते आतून उघडलं. शिंप्याची बायको होती. बारीक, ताठ, पांढरे केस घट्ट बांधलेले. तिने ओठांवर बोट ठेवलं.

तिच्या खांद्यावरून आतलं दिसत होतं. शिवणयंत्रावर चादर घातलेली, आणि भिंतीकडच्या पलंगावर शिंपी झोपलेला, कपड्यांनिशी, एक हात खाली लोंबलेला. घोरण्याचा आवाज येत होता.

"जेवले," ती हळू म्हणाली. "भात मागून घेतला. मग जे पडले ते असे. कितीतरी दिवसांनी पाठ टेकलीय त्यांनी."

"वहिनी, मी कंट्रोल गाडीवरचा..."

"ओळखलं. बुवा ना? रोज तुमचंच सांगायचे."

हे बुवाला फारच लागलं. "वहिनी, मास्तरांनी तुम्हाला जे सांगितलं असेल, ते तसं नाही. शोध थांबलेला नाही. वाऱ्यामुळे आम्ही..."

"हळू बोला, भाऊ." तिने दार आणखी थोडं ओढून घेतलं. "मला माहीत आहे. ताटं घासत होते, तेव्हा खिडकीतून बोटी निघालेल्या दिसल्या. थांबवलं असतं तर बोटी कशाला निघतील?"

"मग तुम्ही त्यांना उठवलं नाहीत?"

"उठवून काय करू? उठले की त्यांनाही दिसणारच आहे. तोवर पडू दे."

बुवा उंबऱ्याबाहेर उभाच राहिला. माफी मागायला आला होता आणि माफी मागायला जागाच नव्हती. आत शिंपी कुशीवर वळला. ती तशीच उभी राहून त्याचा श्वास ऐकत होती. तो पुन्हा संथ लागल्यावर तिने खुंटीवरची शाल काढली, पायांत चपला सरकवल्या आणि बाहेर आली.

"कुठे निघालात, वहिनी?"

"तिकडेच. तुमच्याबरोबर."

"पण मास्तर एकटे..."

"म्हणून तर." तिने दार अलगद लोटलं, कडी न लावता. "लाँच उलटल्याचं कळलं, तेव्हा मी अशीच निघाले होते. हे म्हणाले, तू घरात थांब. पोरगा पोहून कुठल्या कुठे लागला असेल, चालत घरी आला तर हाक ऐकायला कोणीतरी हवं. बरोबरच होतं त्यांचं. मग हे तिकडे आणि मी इथे." ती एक पायरी उतरली. "आज घरात माणूस आहे."

दोघं उतरू लागले. संध्याकाळचं ऊन पिवळं पडलं होतं. तिच्या चालीत म्हातारपण दिसत नव्हतं. बुवाला काहीतरी बोलावंसं वाटलं, इतक्या वर्षांची खोडच ती.

"वहिनी, मी तुम्हाला एक सांगतो..."

"भाऊ." ती न थांबता म्हणाली. आवाजात राग नव्हता. "यांना सांगितलंत तसं मला काही सांगू नका. खुणेचं काही नको. थांबवाल तेव्हा माझ्याजवळ या आणि तोंडाने सांगा. तुम्हीच सांगा, मॅडमना पाठवू नका."

"सांगेन," बुवा म्हणाला.

वळणावर झाडं संपली आणि सगळा जलाशय एकदम समोर आला, घरातून न दिसणारा अर्धा भागसुद्धा. ती उभी राहिली. भिंतीकडच्या कोपऱ्यात दोन बोटी ठिपक्यांसारख्या हलत होत्या.

"नेमकी कुठे उलटली?"

बुवाने हात करून दाखवलं. त्या बोटींच्या डावीकडे, तो काळा खडक दिसतो ना, त्याच्या जरा अलीकडे.

तिने डोळ्यांवर आडवा हात धरून ती जागा पाहिली. बराच वेळ पाहिली. मग शाल अंगाशी ओढून घेतली आणि उताराला लागली, इतक्या झपाझप की बुवाला तिच्यामागे जवळजवळ पळावं लागलं.